सपाट केसांना रोजच्या रोज व्हॉल्यूम कसा आणायचा?

भुईचाफा
माझे केस खांद्याच्या जरा खालपर्यंत, सरळ आणि एकेक केस अगदी बारीक. तसे कमी नाहीयेत पण धुतल्यावर चार-पाच तास बरे दिसतात आणि मग डोक्याला असे चिकटून बसतात की भांग रुंद दिसायला लागतो आणि कान बाहेर येतात. सकाळी हातात फार तर पंधरा-वीस मिनिटं असतात. सध्या एक दिवसाआड शाम्पू, मग सगळीकडे कंडिशनर, डोक्याला टॉवेल गुंडाळून चहा होईपर्यंत तसंच, मग ड्रायर वरून खाली मारते आणि क्लचर लावून निघते. व्हॉल्यूमचा म्हणून मिळतो तो शाम्पू वापरून झाला, मूस (केसांना लावायचा फेस) पण आणला, त्याने केस कडक होतात पण उठत काही नाहीत. एकदा पिंजारून पाहिले तर संध्याकाळी सोडवताना इतका गुंता की फणीत तुटलेल्या केसांचा बोळा आला, रडायलाच आलं, ते परत करणार नाही. रोज जमेल असं कुणी काही करतं का? लग्नाला जाताना करतात तसलं एका दिवसाचं नको.

शेवरी
अगं ड्रायर वरून खाली मारतेस ना, तिथेच सगळं जातंय. ओला केस ज्या आकारात वाळतो तोच आकार धरून बसतो, पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना परत जुळतात, म्हणजे वाळताना मुळं टाळूला टेकलेली असतील तर दिवसभर ती तशीच राहणार, वर कितीही काही फवारा. टॉवेल घट्ट गुंडाळून ठेवतेस त्यानेही मुळं दबतात. नुसतं टिपून घे.

मी काय करते सांगते. केस टिपून झाले, ओलसर आहेत पण पाणी ठिबकत नाहीये, तेव्हा लिंबाएवढा मूस बोटांच्या टोकांनी फक्त मुळांना लावते, लांबीला नाही (तू बहुतेक वाळलेल्या केसांना किंवा सगळीकडे लावत असणार, म्हणून कडक होतात). मग मान खाली घालून सगळे केस पुढे घ्यायचे आणि ड्रायर मुळांशी, बोटं सतत हलवत, ड्रायर एका जागी धरायचा नाही. टोकं ओली राहिली तरी चालतात, आधी मुळं. बऱ्यापैकी वाळले की सरळ उभं राहायचं आणि फक्त डोक्यावरचा पुढचा भाग राउंड ब्रशवर घ्यायचा, तीन किंवा चार बटा, जास्त नाही. बट जिकडे पडायला हवी त्याच्या उलट दिशेला ताणून धरायची, मुळाशी गरम हवा आठ-दहा सेकंद आणि मग ब्रश न सोडता ड्रायरचं थंड हवेचं बटण दाबून तेवढाच वेळ. हे थंड करणं कुणी करत नाही आणि मग म्हणतात टिकत नाही. केस गरम असताना ब्रश काढला की बट खाली येते, गार झाल्यावर काढला की उभी राहते, करून बघ एकदा एका बटेवर असं आणि शेजारच्या बटेवर तसं, फरक आरशात लगेच दिसेल. मला सगळं मिळून बारा मिनिटं लागतात, आधी वीस लागायची.

टिपूर
शेवरींशी सहमत, पण ताई तुमच्या कंडिशनरचंही बघा. सरळ केसांवरून टाळूचं तेल पटकन खाली उतरतं, कुरळ्या केसांत ते अडतं, म्हणून आपल्यासारख्यांचे केस लवकर लोळतात, त्यात मुळांना कंडिशनर लावला तर वजन आणखी वाढणार. मीही खांद्यापर्यंत केस ठेवतो, बारीकच आहेत, मी उलटं करतो, आधी कानाखालच्या केसांना कंडिशनर, धुवून टाकायचा आणि मग शाम्पू. पहिल्या वेळी केस कोरडे वाटतील की काय अशी भीती वाटली होती, तसं झालं नाही. शिवाय सिलिकॉनवाल्या सिरमचे थर साठतात, ते काढायला दोन-तीन आठवड्यांतून एकदा क्लॅरिफाइंग शाम्पू, रोज मात्र नको, टाळू कोरडी पडते.

कटबद्दल पण बोलतो. व्हॉल्यूमसाठी खूप लेयर्स मारून घ्या असं सगळे सांगतात, बारीक केसांना ते मला पटत नाही, खालची टोकं शेपटीसारखी विरळ होतात. खाली एका रेषेत कापलेले, हनुवटी ते खांदा एवढ्या लांबीचे केस जास्त दाट दिसतात. हवे तर चेहऱ्याजवळ एखाद-दुसरा लेयर.

निळाई
ड्रायर रोज नको वाटत असेल तर भांग बदल. वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडला की तिथली मुळं त्याच बाजूला पडायची सवय धरतात. मी धुतल्यावर भांग नेहमीपेक्षा दोन बोटं पलीकडे पाडते आणि वाळले की परत जागेवर आणते, तेवढ्यानेच पुढचे केस उचलले जातात. धुवायचा दिवस नसेल तर भांगाच्या दोन्ही बाजूंना एकेक वेल्क्रो रोलर (केस गुंडाळायची, पिनेशिवाय चिकटून राहणारी नळी) लावून बाकीचं आवरायचं, निघताना काढायचे. झोपताना अगदी माथ्यावर सैल अंबाडा, मऊ स्क्रंचीने, रबरबँड नको.

ड्राय शाम्पू (पाण्याशिवाय तेल शोषून घेणारा फवारा) वापरलास तर केस तेलकट होण्याआधी, आदल्या रात्रीच, वीतभर लांबून मार आणि दोन मिनिटांनी बोटांनी चोळ. पण तो धुण्याच्या जागी नाही.

एक विचारते, राग मानू नकोस, भांग रुंद दिसतो म्हणालीस तो आधीपासून तसाच आहे की हल्ली वाढलाय? मला एका मोठ्या तापानंतर अडीच महिन्यांनी केस जायला लागले आणि मी उगाच शाम्पू बदलत बसले. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं, पण त्याहून जास्त जात असतील किंवा भांग रुंदावत चालला असेल तर स्किनच्या डॉक्टरांना दाखव, थायरॉइड किंवा लोह कमी असलं तरी असं होतं आणि ते ब्रशने सुटत नाही.

भुईचाफा
दहा दिवसांनी लिहितेय. निळाई, राग कसला, बरं झालं विचारलंस, जुने फोटो काढून पाहिले, भांग आहे तेवढाच आहे, केस चिकटले की रुंद दिसतो एवढंच. टॉवेल गुंडाळणं बंद केलं, कंडिशनर आधी आणि तोही फक्त खाली. ड्रायरवरचं ते निळं बटण कशासाठी असतं हे मला आजवर माहीतच नव्हतं! पहिले दोन दिवस ब्रशमध्ये केस अडकले, मग बटा लहान घेतल्या तेव्हा जमलं. काल संध्याकाळी सातला घरी आले तरी पुढचे केस कपाळावरून उचललेले होते, आरशासमोर दोनदा जाऊन आले. फक्त मागचे, माथ्याच्या खालचे, अजून बसतात, आणि हवा दमट असली की सगळंच लवकर खाली येतं.

शेवरी
वाचून फार आनंद झाला. दमट हवेत तेच बंध परत सैल होतात, ते पूर्ण थांबत नाही, पण त्या दिवशी मुळं शंभर टक्के वाळव, जराही ओल ठेवू नकोस, आणि वरची बट उचलून तिच्या खाली मुळाशी हेअरस्प्रेचा एकच फवारा. मागच्यासाठी एक मोठा रोलर माथ्यावर, केस आधी सरळ वर ताणून मग गुंडाळायचे. दोन-तीनदा हात बसला की न बघता जमतं.