मेटालिकाच्या त्या अल्बममध्ये बेस आहे का नाही?

तळाची_तार (सांगली)
विश्रामबागेत राहतो. चौघांचा बँड आहे, त्यात बेस (खालच्या सुरांची गिटार) माझ्याकडे. (हौसेनं नव्हे. गिटारवाले दोघं आधीच हजर होते.) मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या 1988 च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' अल्बममधलं एक गाणं बसवायचं ठरलंय. तीन दिवस कान लावून बसलोय, बेस सापडेना. स्पीकर गेला म्हणून दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं एक लावणी लावली, ढोलकीनं दुकानाची काच थरथरली. म्हणाला, "स्पीकर ठणठणीत हाय. तुमचं गाणंच तसलं हाय." त्यांच्या बेसवाल्यानं, जेसन न्यूस्टेडनं, वाजवलंय म्हणतात. मग ते गेलं कुठं? आणि पुढं त्याचं काय झालं?

डावा_हात
आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस उरकतो. एक पाकीट वाचतं.

खर्ज (मिरज)
स्पीकर घरी आण बाबा, त्याचा काय गुन्हा नाही.

27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये मेटालिकाची बस उलटली आणि त्यांचा आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन गेला. वय 24. दीड महिन्याच्या आत न्यूस्टेड त्याच्या जागी स्टेजवर होता. आधीच्या, फ्लॉटसम अँड जेटसम बँडमध्ये तो गाणीही लिहायचा. इथं आला तो नवी सून म्हणून. चेष्टा, टोमणे, सगळं सोसलं. मिक्सिंगला (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवताना) तर त्याच्या बेसचा आवाज पार खाली ओढला, तोही ड्रमर लार्स उलरिकच्या सांगण्यावरून, असं मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननंच नंतर सांगितलं.

पण सगळा दोष लार्सवर टाकू नको. न्यूस्टेड बऱ्याच ठिकाणी गिटारच्याच सुरांवर सूर ठेवून वाजवतोय. मी 15 वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, आता सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळवतो. तंबोऱ्यात खर्जाची तार खाली एकटी असते, म्हणून कानात भरते. तुमचा गिटारवाला अँपवर लो (खालचे सूर) वाढवून तुझ्या बेसच्याच पाटावर जेवायला बसतो. त्याला लो उतरवायला सांग. ऐकणार नाही, पण सांग. आणि मोबाईलवर बेस शोधू नको, तुझी जाड तार 41 हर्ट्झची, त्या चिमुकल्या स्पीकरातनं ती येतच नाही.

1991 च्या अल्बमला बॉब रॉक निर्माता म्हणून आला, तिथं बेस व्यवस्थित ऐकू येतो. 2001 च्या जानेवारीत न्यूस्टेड बाहेर पडला. इकोब्रेन नावाचा स्वतःचा बँड करायचा होता, मेटालिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड, त्याला ते खपलं नाही. 2003 ला मग साटंलोटं झालं: गायक ऑझी ऑस्बर्नचा बेसवाला रॉबर्ट ट्रुहियो मेटालिकात, न्यूस्टेड ऑझीकडं.

डावा_हात
काका, 14 वर्षं सोसायची कशाला? आपण असतो तर पहिल्या टोमण्याला पेटी उचलली असती.

खर्ज (मिरज)
तू उचलशील. त्या बँडमध्ये जागा मिळाल्यावर मी बी सोसलं असतं. आणि 2009 ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात न्यूस्टेड आणि ट्रुहियो दोघंही मेटालिकाबरोबर वाजवायला उभे होते. दोन बेस! जमलं तर ते बघ.

तळाची_तार (सांगली)
गिटारवाल्याला लो उतरवायला सांगितलं, नाही म्हणाला. काल रिहर्सलला मुद्दाम एक अख्खं कडवं वाजवायचं थांबलो, कुणाला कळतंय का बघू म्हणून. गिटारवाला वळून म्हणाला, "आज साउंड भारी बसलाय."