काझिमेरास म्हणे जत्रेपुरता उरला!

गावकूस:
खडूसरावांची सकाळची पोस्ट: ‘लिथुआनियाचा संत काझिमेरास म्हणजे पंचविशीत क्षयाने गेलेला पोलिश राजपुत्र. देशासाठी केलं शून्य. आता उरलाय जत्रेतल्या मधाच्या बिस्किटांपुरता.’ सोडून देणार होतो, पण राहवेना.

जन्म क्राकूचा, १४५८ चा, मान्य. पण बाप पोलंडचा राजा होता तसाच लिथुआनियाचा ग्रँड ड्यूकही होता, ते सोयीस्कर गाळलंत. पोरगा १४८४ मध्ये ग्रोद्नो शहरात वारला आणि त्याला पुरलं लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसच्या कॅथीड्रलमध्ये. ‘केलं काय’ म्हणून संताला पगारपत्रक मागायचं नसतं, पुढच्यांनी त्याच्या जिवावर काय निभावलं ते बघायचं. सोव्हिएतांनी १९५० मध्ये कॅथीड्रलला टाळं ठोकलं, मग त्याचं चित्रदालन केलं. १९५३ मध्ये संताची शवपेटी व्हिल्नियसमधल्याच अंताकाल्निस भागातल्या पीटर-पॉल चर्चमध्ये हलवली, ती परतली थेट १९८९ ला. त्याच्या नावाच्या चर्चमध्ये तर नास्तिकतेचं म्युझियम! १९८४ च्या पाचशेव्या पुण्यतिथीला पोप जॉन पॉल दुसरे यायचं म्हणत होते, मॉस्कोने येऊ दिलं नाही. बिस्किटावरच्या नावाला कुणी एवढं घाबरतं का?

खडूसराव:
सोव्हिएत प्रत्येक घंटेला घाबरायचे, यात तुमच्या संताचं विशेष काय? १६०२ मध्ये रोमकडून त्याचा सण कुणी मिळवला? पोलंड-लिथुआनियाचा राजा तिसऱ्या सिगिस्मुंडने. काझिमेरास त्याच्या आईचा सख्खा काका! घरचाच माणूस देव्हाऱ्यात बसवला, वर १६३६ पर्यंत कॅथीड्रलमध्ये त्याचं संगमरवरी चॅपल उठवलं. आणि १५१८ ची ती पोलोत्स्क शहराच्या वेढ्याची कथा: संत पांढऱ्या घोड्यावरून येतो काय, लिथुआनियाच्या सैन्याला दौगावा नदीचा उतार दाखवतो काय. शत्रू मॉस्कोचे, हा योगायोगच असणार.

झावळीवाला_वसई:
राजकारण तुमचं तुम्ही बघा, जत्रेला नाव ठेवायचं काम नाही. आमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चबाहेर झावळी विकायला बसतात, म्हणून काय भक्ती आटली?

थंडीत_कुडकुडणारी:
इथेच व्हिल्नियसला राहते, म्हणून बोलते. ४ मार्चच्या आसपासच्या जत्रेत लोक ‘वेर्बा’ घेतात: काठीभोवती सुकवलेली फुलं आणि गवताचे तुरे दाट गुंडाळलेले, खालून वरपर्यंत रंगांचे पट्टे. व्हिल्नियसच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायकांच्या हातची कला आहे ती. झावळ्यांच्या रविवारी हीच चर्चमध्ये नेतात. त्या सकाळी उशिरापर्यंत लोळणाऱ्याला तिचेच फटके, वर ‘मी नाही मारत, वेर्बा मारते’ हे ऐकून घ्यायचं. माझ्या घरमालकीणबाईंनी मला सोडलं नाही. म्हणे जत्रेपुरता!

खडूसराव:
ताई, ही तुमची रंगीत वेर्बा फक्त व्हिल्नियस भागाची. बाकीच्या लिथुआनियात जुनिपर या सदाहरित झुडपाची डहाळी नेतात. टुरिस्टांसाठी रंगवलेलं गवत म्हणजे संताचा वारसा?

थंडीत_कुडकुडणारी:
टुरिस्टांसाठी?? दोन दिवस हात काळेनिळे करून मी स्वतः शिकलेय ती गुंडाळायला. तुम्ही फोटो बघून शहाणपण शिकवू नका.

झावळीवाला_वसई:
आमच्या आजीने कोपऱ्यात खोचलेली झावळी वर्षभर कुणाला काढू दिली नव्हती. रंगीत असती तरी तिने तेच केलं असतं. आणि हल्ली गेटवर प्लास्टिकची फुलं विकतात, त्यावर बोला की कुणीतरी!

गावकूस:
अरे, धागा संताचा आहे, फुलांचा नाही! चॅपलमधलं चित्र कुणी पाहिलंय का? त्याला तीन हात आहेत. कथा अशी की चित्रकाराने एक हात पुसून दुसरीकडे काढला, तर पुसलेला पुन्हा उमटला. अंगावर चांदीचा सोनेरी मुलामा दिलेला पत्रा, उघडे फक्त चेहरा आणि हात, लिली उजव्या हातांत. राजाश्रयाने चॅपल उभं राहतं, खडूसराव. पण १६०४ मध्ये घातलेल्या पायावरचं ते काझिमेरास चर्च नेपोलियनचं कोठार झालं, झारचं ऑर्थोडॉक्स चर्च झालं, नास्तिकांचं म्युझियम झालं, आणि तरी १९९१ मध्ये पुन्हा अभिषेक होऊन उभं आहे. हे कुठल्या काकाच्या वशिल्याने?

खडूसराव:
बरं बाबा. संत मोठा, चर्च चिवट, आणि ताईंची वेर्बा दोघांहून थोर. झालं समाधान? पोलोत्स्कच्या घोड्याबद्दल मात्र सगळे चिडीचूप आहेत, तेवढं लक्षात आलंय माझ्या.