हेल्थ क्लबमध्ये लष्करी पद्धतीचा बूट कॅम्प: सुरू करावा का?

कोथरूडकर
आमच्या भागातल्या हेल्थ क्लबच्या समितीवर मी आहे. एप्रिलपासून क्लबच्या मागच्या मैदानावर लष्करी पद्धतीचा बूट कॅम्प सुरू करावा, असा प्रस्ताव मी मांडलाय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे पावणेसहाला सुरू, पन्नास मिनिटं, आठ आठवड्यांची बॅच. धावणं, जोर, बर्पी (उभ्याने खाली बसून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे आणि परत उभं राहायचं), कोपरांवर सरपटणं, वाळूची पोती खांद्यावर घेऊन चालणं. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले पीटीचे हवालदार. समितीत दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय. माझं मत आधीच सांगतो: सुरू करावा.

जानेवारीत आमच्याकडे ट्रेडमिलसाठी रांग लागते आणि होळीपर्यंत तीच मशिनं रिकामी पडतात. वर्षाचे पैसे भरलेली माणसं येईनाशी होतात, कारण ती आली नाहीत तरी कुणाच्या लक्षात येत नाही. गटात तसं होत नाही. शेजारी पळणारा संध्याकाळी फोन करून विचारतो, आज कुठे होतास? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. तीन दिवस पन्नास मिनिटं, हिशेब तिथेच पुरा होतो.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. जवान चाळिशीच्या आगेमागे निवृत्त होतो. पुण्यातच लष्कराची शारीरिक प्रशिक्षण संस्था आहे. अशा ठिकाणी शिकून ज्यानं वर्षानुवर्षं पोरं घडवली, तो निवृत्तीनंतर एखाद्या सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसतो. त्याच्या विद्येला मान आणि रास्त पैसा मिळायला हवा, तो आपणच का देऊ नये?

फिजिओ_ताई
माझा विरोध आहे, आणि तो हवालदारांना नाही.

फौजेत जो रिक्रूट येतो तो विशी-बाविशीच्या आतला असतो. 1.6 किमी पळून, बीमवर (आडव्या दांडीवर) पुलअप काढून, वैद्यकीय तपासणीच्या चाळणीतून गाळून आलेला. त्याला त्यानंतर कितीही रगडा, तो बहुतेक वेळा तरतो. तुमच्या क्लबचा सभासद कोण? अठ्ठेचाळीस वर्षांचा, दिवसभर खुर्चीत, बीपीची गोळी चालू, एक गुडघा कुरकुरणारा. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे. ही चाळणी तुमच्याकडे कुठे आहे?

एक प्रसंग सांगते. तिशीतला एक मुलगा माझ्याकडे आला. कॅम्पचा पहिलाच दिवस, उशिरा आला म्हणून शिक्षेच्या उठाबशा. दोन दिवसांनी त्याला कमोडवर बसता येईना, मांड्या दगडासारख्या कडक. तो सारखा ‘पाय दुखतात’ एवढंच सांगत होता. लघवीचा रंग विचारला तेव्हा म्हणाला, कोऱ्या चहासारखा. मी हातही न लावता त्याला हॉस्पिटलमध्ये पाठवलं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात: सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक अतोनात ताण आला की त्यांच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर भार पडतो. सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं एन्झाइम, साधारण दोनशेच्या आत असायला हवं, त्याचं हजारोंमध्ये होतं. सलाइनवर राहून तो बरा झाला. सगळे होतातच असं नाही, काहींना डायलिसिस लागतं. उन्हाळा, कमी पाणी आणि ‘सगळे करतायत, मीच कसा थांबू’ ही भावना, या तिन्ही गोष्टी धोका वाढवतात. बूट कॅम्पमध्ये नेमक्या याच एकत्र येतात.

अपशिंगेकर
फौजेत पीटी उस्ताद होतो, म्हणून बोलतो. ताई, तुमचं दुखणं बरोबर हाय, पण ते फौजेच्या माथी मारू नका.

रगडा आणि पीटी ह्या दोन वेगळ्या गोष्टी. रगडा म्हणजे शिस्तीसाठी दिलेली शिक्षा. पीटी म्हणजे पायरी-पायरीनं चढवलेलं शरीर. आमच्या वेळी बीपीईटीमध्ये, म्हणजे फौजेच्या लढाऊ तंदुरुस्तीच्या चाचणीत, रायफल आणि पिट्टू (पाठीवरची पिशवी) घेऊन 5 किमी पळायचं, दोर चढायचा, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा. तिथवर पोचायला पोराचे महिने जातात. पहिल्या आठवड्यात आम्ही चालायला, पळताना पाय कसा टाकायचा ते शिकवतो. जिममधली पोरं चार दिवसांचा कोर्स करून हिरवी टी-शर्ट घालतात आणि पहिल्या दिवशी शंभर बर्पी काढायला लावतात, ती फौज नव्हे.

उस्तादाची नजर चेहऱ्यावर पाहिजे, घड्याळावर नाही. उन्हात पळणारा पोरगा धड उत्तर देईना, पाय वेडेवाकडे पडायला लागले, विनाकारण चिडला, की समजायचं डोकं तापलं. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मिनिटं मोजायची वेळ येते. आधी सावली, कपडे सैल, जमेल तेवढं थंड पाणी अंगावर, बर्फ असला तर बर्फ. अँब्युलन्स तोवर मागवायची, पण गार करणं तिच्यासाठी थांबवायचं नाही. हे तुमच्या एसी जिममधल्या किती ट्रेनरना येतं ते विचारून बघा.

मैदानी
बर्पीचं निघालंच आहे म्हणून. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या रॉयल बर्पी या शरीरशास्त्रज्ञाने ती तंदुरुस्ती मोजण्याची झटपट चाचणी म्हणून बसवली. चार वेळा करायची, आधी आणि नंतर नाडी बघायची, बस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ती उचलली आणि मिनिटभर करायला लावली. आज क्लासमध्ये आकडा वाढवायची चढाओढ लागते. थकलेल्या माणसाची विसावी बर्पी कंबरेतून कोसळते, हे कोणीही उभं राहून बघावं. कॅम्प करा, पण आकड्यांचा फलक लावू नका.

दोन_लेकरांची_आई
मला बोलायचंय ते वेगळं आहे.

मागे एका कॅम्पला जात होते. उड्या मारायला लागलं की मला लघवी आवरायची नाही. दोन बाळंतपणांनंतर ओटीपोटाचे तळाचे स्नायू सैल झालेल्या कितीतरी बायकांचं असं होतं, पण चाळीस माणसांत हात वर करून कोण सांगणार? थांबले की तो ट्रेनर लांबून ओरडायचा, ‘मॅडम, बहाने नहीं.’ मी जाणं सोडलं. मला आळशी ठरवलं गेलं याचं आजही वाईट वाटतं.

तरीही माझं मत कॅम्पच्या बाजूने आहे. कारण त्याच मैदानावर मी आयुष्यात पहिल्यांदा वाळूचं पोतं खांद्यावर उचललं. घरी सिलिंडर सरकवायलाही कुणाला तरी हाक मारायची सवय असलेली मी! ते अंगात आलेलं बळ अजून आठवतं. उडीऐवजी पायरी चढणं, बर्पीऐवजी बाकावर हात टेकवून तेच करणं, असे पर्याय पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून ठेवा. मग कुणाला कारण द्यावं लागणार नाही. आणि ओरडणं बंद. वीस वर्षांच्या जवानाला ते चालत असेल, मला माझ्या पैशांनी अपमान विकत घ्यायचा नाही.

तालीमवाला
एवढा खटाटोप कशाला? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ 1924 चं. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार घरोघरी नेला. जोर, बैठका, मल्लखांब, लेझीम, सगळं आपल्याकडे गटातच चालत आलंय आणि वस्तादाचा धाकही होताच. क्लबने तेच करावं.

कोथरूडकर
@तालीमवाला, मनापासून पटतं, आणि जोर-बैठका आराखड्यात आहेतच. पण मल्लखांब चाळिशीत पहिल्यांदा शिकणारे किती निघतील? पळणं आणि ओझं उचलणं उद्यापासून कुणालाही सुरू करता येतं.

@फिजिओ_ताई, तुमचं वाचून प्रस्ताव बदलतोय. प्रवेशाआधी लेखी आरोग्य प्रश्नावली: छातीत दुखणं, चक्कर, बीपी, मधुमेह, घरात लहान वयात हृदयविकार. एकाही प्रश्नाला हो आलं की डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय मैदानावर नाही. पहिले दोन आठवडे सगळे एकाच हलक्या गटात. शिक्षा म्हणून व्यायाम कधीच नाही. लघवीच्या रंगाची सूचना मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात.

पूर्वसैनिक_पत्नी
एक छोटी विनंती. ट्रेनरना आणि सभासदांना कॉम्बॅट छाप कपडे घालायला लावू नका. 2022 मध्ये आलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची लष्कराने नोंदणी करून घेतली आहे, आणि ज्यांनी तो अंगावर मिरवायचा हक्क कमावलाय त्यांच्या घरच्यांना मैदानावरचा तो खेळ बघवत नाही. साधी पांढरी बनियन पुरे.

फिजिओ_ताई
प्रश्नावली ठीक. तरी दोन गोष्टींवर मी अडून आहे. एप्रिलमध्ये सुरू करू नका. नवखा माणूस उष्णतेला सरावायला साधारण दोन आठवडे घेतो आणि तुम्ही त्याला पुण्याच्या सर्वांत तापलेल्या महिन्यात उतरवताय. पहाट असली तरी. दुसरं, एका उस्तादामागे बारा-पंधराहून जास्त माणसं नकोत. चाळीस चेहऱ्यांवर नजर ठेवणं कुणालाच शक्य नाही.

कोथरूडकर
एप्रिल टाळला तर जूनमध्ये मैदान चिखल होतं, म्हणजे थेट ऑक्टोबर. समिती तेवढी थांबेल का, शंका आहे. पंधराच्या बॅचमध्ये क्लबला पैसे सुटणार नाहीत, असं खजिनदार आत्ताच म्हणतायत.

अपशिंगेकर
मग ऑक्टोबर. चिखलात सरपटायला मला काही वाटत नाही, पण पन्नाशीचा माणूस घसरून मनगट मोडून घेईल.

पैशाचं मात्र आत्ताच ठरवा. उस्तादाला माणशी पैसे देणार असाल तर तो चाळीसच भरणार, पोटासाठी भरणार, आणि दमलेल्याला घरी पाठवणार नाही, कारण तो माणूस गेला की त्याचे पैसे गेले. महिन्याचा ठरलेला पगार द्या, पंधरा माणसं असोत की नऊ. ‘आज तुम्ही बसा’ हे म्हणायची ताकद त्याच्याकडे तेव्हाच राहील. खजिनदारांना हे पटलं नाही तर माझंही मत ताईंकडे धरा.