चर्चच्या संस्थेची मदत बाकीच्यांना मिळते का? (शहादा)

शहादेकर: शेजारच्या काकूंचा नवरा गेला, दोन पोरं आहेत, दरवर्षी ऊसतोडीला गुजरातला जायच्या पण आता कंबर धरलीय. चर्चच्या संस्थेत विचारा म्हणतात, पण त्या ख्रिश्चन नाहीत, धर्म बदलावा लागेल का?

तापीकाठ: नाही हो भाऊ. कॅथलिक चर्चची कारितास इंडिया १९६२ पासून काम करतेय, मदतीला जात-धर्म बघत नाहीत. आपला खान्देश नाशिक धर्मप्रांतात येतो, १९८७ ला झाला तो. जवळच्या चर्चमधल्या फादरना किंवा सिस्टरना भेटा, समाजसेवेचं काम कोण बघतं ते सांगतील.

धुळ्याची ताई: फक्त एक, हातात रोख पैसे मिळतील असं धरून जाऊ नका. पैसा बहुतेक ठरलेल्या प्रोजेक्टचा असतो, बचत गट, शिवण, पोरांचं शिक्षण असं. माझ्या आईला सिस्टरनी तहसीलचा फॉर्म भरायला शिकवलं, तिच्याबरोबर दोनदा तिथं जाऊन बसल्या, ते मी जन्मात विसरणार नाही. आणि काकूंचा संजय गांधी निराधारचा अर्ज आधी टाका, मृत्यू दाखला लागेल.

शहादेकर: दाखलाच काढला नाहीये अजून! उद्याच ग्रामपंचायतीत जातो, मग काकूंना घेऊन सिस्टरांकडे.