श्रेक २ मूळ श्रेकपेक्षा भारी का? आपापलं निरीक्षण टाका

गच्चीवरचा
शनिवारी फ्लॅटस्कीमच्या गच्चीवर पोरांसाठी हिरव्या राक्षसाचा अ‍ॅनिमेशनपट श्रेक २ लावायचं ठरलं अन् जुना वाद आठवला. पहिला २००१ चा, दुसरा २००४ चा. अ‍ॅनिमेशनपटाचं सगळ्यात पहिलं ऑस्कर पहिल्याला. दुसऱ्याला नुसतं नामांकन, बाजी मारली 'द इन्क्रेडिबल्स'ने. तरी माझं मत दुसऱ्याला. पहिल्यात परीकथेची टर आहे. त्यातलं ड्युलॉक राज्य म्हणजे सरळ थीम पार्क: फिरतं फाटक, बाहुल्यांचं गाणं. एकदा हसलो की झालं. दुसऱ्याचा विषय काय, तर जावई पहिल्यांदा सासुरवाडीला! त्याला परीकथा माहीत असायची गरजच नाही.

तर्री_कमी
जेवणाचा सीन. श्रेक हात धुवायची वाटी सूप समजून ओरपतो, बायको फियोना बोटं बुडवून दाखवते. तिथंच हसू. मग ताटावर ओढाताण, अन् शेवटी सगळे एकमेकांची नुसती नावं ओरडतात. प्रत्येक नावाला एक कट. शेवटी श्रेकचा सोबती गाढव स्वतःचंच नाव ओरडतं. तो एक कट लांबला असता तर विनोद मेला असता.

बर्डीवाला
जावई लोकांनी धोंड्याच्या महिन्यात पाहू नये हा सिनेमा 😂 अनारसे घशात अडकतील

फ्रेममोज्या
फियोनाचा बाप राजा हॅरॉल्ड बेडूक निघतो ते शेवटी कळतं, पण पेरणी आधीची आहे. राणी कमळांच्या तळ्याकाठच्या पहिल्या चुंबनाची आठवण काढते. खलनायिका परी गॉडमदर राजाला जुन्या उपकाराची आठवण देऊन धमकावते. दोन्ही वाक्यं इतर भांडणात लपवलीत. पहिल्यात असा एकच मोठा धक्का, चुंबनानंतर फियोना राक्षसीणच राहते तो. पण तो जास्त खोल लागतो बरं का. दुसऱ्यात माणसाचं रूप कायम राहायला मध्यरात्रीच्या आत चुंबन हवं, फियोना मुदत संपू देते, म्हणजे तोच निर्णय परत. इथं पहिला जिंकतो.

तर्री_कमी
@फ्रेममोज्या बूटवाल्या मांजराचे डोळे विसरले का? आधी श्रेकला पाघळवायला टोपी हातात धरून डोळे मोठे करतो. पुढं किल्ल्यात शिपायांसमोर तेच डोळे, ते विरघळले की तलवार. पहिल्यांदा गोड, दुसऱ्यांदा हत्यार.

रेंडर_भाऊ
चित्राचं बोला ना. पहिल्यात माणसं खेळण्यातली वाटतात. दुसऱ्यात एका वस्तूवर पडून उसळलेला प्रकाश शेजारच्या वस्तूवर कसा पडेल, तो हिशेब केलाय, म्हणून गालाखाली, छताखाली मेल्यासारखा काळोख दिसत नाही. टीव्हीचं 'व्हिविड' (भडक रंगांचं सेटिंग) बंद करून पाहा, नाहीतर श्रेक भेंडीसारखा दिसतो.

बर्डीवाला
भाऊ, प्रोजेक्टर कोणता लावून राहिले?

रेंडर_भाऊ
डब्यावरचे लुमेन (उजेडाचं माप) सोडा, 'अ‍ॅन्सी' लिहिलेला आकडा पाहा. १०० इंचाला (कोपरा ते कोपरा) पूर्ण अंधारात ५०० चालून जातात. पडदा सव्वासात फूट रुंद होतो. थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.२ असेल तर प्रोजेक्टर पावणेनऊ फुटांवर. चादर एकेरी लावू नका, बराच उजेड मागं जातो. दुहेरी करा, खालच्या नेफ्यात पाईप घाला, नाहीतर वाऱ्यानं राणीचा चेहरा लाटा मारतो. अन् मे महिना आहे, साडेसातच्या आधी सुरू करायचा नाही.

संत्रं_आंबट
ब्लूटूथ स्पीकर लावू नका, आवाज ओठांच्या मागं पडतो. वायर लावा. गाणं कानठळ्या अन् संवाद कुजबुज, असं होत असेल तर प्लेअरमधे आवाज ५.१ (सहा स्पीकरांचा) वर आहे. संवाद मधल्या चॅनेलवर असतात, तुमच्याकडं तो स्पीकरच नाही. 'स्टिरिओ' करा. शेवटच्या हल्ल्यात हे फार नडतं: आत गॉडमदर गातेय, बाहेर जिंजरब्रेडचा राक्षस फाटकाशी झुंजतोय, वरून उकळतं दूध. दोन्ही एकाच तालावर कापलंय. गाणं एकटंच ऐकू आलं तर मजा गेली.

धागा_वाचक_फक्त
श्रेकचा आवाज आधी नट क्रिस फार्लीचा होता. बराचसा रेकॉर्ड झाला, १९९७ मधे तो गेला. त्याच्या जागी आलेल्या माईक मायर्सनेही आधी वेगळ्या आवाजात केलं, मग स्कॉटिश ढंगात परत. दुसऱ्यात तो ढंग तयारच मिळाला. (कुकर लावलाय, येते परत.)

बर्डीवाला
पण कूलरचं काय? तो गाढवापेक्षा जास्त बोलतो

संत्रं_आंबट
आवाज पंख्याचा, पंपाचा नाही. पंखा एकवर, पंप चालू, ताट्या आधीच भिजवून ठेवा. पडद्याजवळ ठेवायचा नाही, पोरांच्या मागं.

गच्चीवरचा
ताट्या मागच्या वर्षीच्याच आहेत, गवत पार बसलंय.

तर्री_कमी
मग बदला ना बाप्पा! अन् गच्चीवर सहाला पाणी मारा, स्लॅब रात्री नऊपर्यंत तापलेलाच असतो. वायर टाकायच्या आधी वाळू द्या.