डिस्क माझी, पण लावायला मशीन त्यांचंच पाहिजे: एक्सक्लुझिव्ह (एकाच कंपनीच्या मशीनपुरते ठेवलेले) गेम्स हवेत कशाला?

रात्रीचा_गेमर
२०१५ ला ब्लडबोर्न आला तेव्हा कॉलेजात होतो, रूममेटबरोबर अर्धे अर्धे पैसे घालून सोनीचा पीएस४ (प्लेस्टेशन ४ कन्सोल) घेतला होता आणि तो गेम आम्ही रात्र रात्र जागून खेळलो. पुढे कामासाठी पीसी लागला म्हणून पीएस४ विकून टाकला, पण ब्लडबोर्नची डिस्क विकायला मन झालं नाही, ती अजून कपाटात आहे. आता माझा पीसी त्या पीएस४ च्या कैक पटीने भारी आहे तरी हा गेम त्यावर येत नाही, कारण सोनीने तो पीसीवर काढलाच नाही. होरायझन झीरो डॉन आला, गॉड ऑफ वॉर आला, स्पायडरमॅन आला, हा मात्र नाही. आणि पीएस५ वर लावला तरी तोच जुना ३० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३०च चित्रं. ब्लडबोर्न बनवणाऱ्या त्याच फ्रॉमसॉफ्टवेअरचा एल्डन रिंग २०२२ मध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी सगळीकडे एकाच दिवशी आला ना, मग कोणाचं काय बिघडलं? पैसे मोजून घेतलेली वस्तू एका डब्यात कुलूपबंद करून ठेवायची हे मला अजिबात पटत नाही. तुम्हाला काय वाटतं सांगा.

कोपऱ्यातला_बॉस
भाऊ तुझं दुःख कळतंय पण थोडी उलटी बाजू बघ. ब्लडबोर्न सोनीच्या पैशावर उभा राहिला, त्यांच्या जपान स्टुडिओने फ्रॉमसॉफ्टवेअरबरोबर मिळून केलाय तो. सोनीने पैसा लावला नसता तर पीसीवर काय, कुठेच आला नसता. बेयोनेटा २ चंही तेच, सेगा कंपनी पुढे पैसे घालायला तयार नव्हती, शेवटी निन्टेन्डोने हात दिला आणि २०१४ ला त्यांच्याच वी यू कन्सोलवर आला. तेव्हा पहिला भाग प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर खेळलेले लोक जाम भडकले होते, पण नसता आला तर चाललं असतं का? स्वतःचं मशीन विकायला कंपनी स्वतःच्या पैशाने चांगला गेम बनवते, यात चूक काय तेच मला कळत नाही.

रात्रीचा_गेमर
स्वतः बनवलेल्या गेमचं एक वेळ मानतो. पण तयार होणाऱ्या गेमला पैसे देऊन दुसऱ्याचं दार बंद करायचं, त्याचं काय? राइज ऑफ द टूम्ब रेडर २०१५ ला आधी फक्त एक्सबॉक्सवर, प्लेस्टेशनवाल्यांना २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत थांबवलं. पहिला भाग त्यांनीही विकत घेतलेला होता की. आणि २०२१ ला एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने बेथेस्डा ही अख्खी गेम कंपनीच घेतली, मग त्यांचा स्टारफील्ड २०२३ ला आला तो एक्सबॉक्स आणि पीसीवरच. यात नवीन काहीच जन्माला आलं नाही, होतं तेच ओढून घेतलं.

दोन_पोरांचा_बाबा
मी स्वतः गेमर नाही, खर्च करणारा आहे म्हणून लिहितोय. पीएस५ २०२१ ला भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० होती, वर नवा मोठा गेम घ्यायचा तर पाच हजार. एक कन्सोल घेतानाच घरात महिनाभर चर्चा चालते आमच्यात, आणि मग पोरगा चुलतभावाकडून येऊन सांगतो की बाबा त्याच्याकडचा तो गेम आपल्याकडे येतच नाही. त्याला काय सांगायचं, दुसराही डबा घेऊ? एक टीव्ही घेतला की सगळे चॅनेल दिसतात, इथे तसं का नाही हा माझा साधा प्रश्न आहे.

बिल्ड_तुटला
टेस्टिंगमध्ये काही वर्षं काढली आहेत म्हणून बोलते. पीसीवर आणा म्हणणं सोपं आहे, कन्सोलवर हार्डवेअर ठरलेलं असतं, पीसीवर प्रत्येकाचं ग्राफिक्स कार्ड वेगळं, रॅम वेगळी, ड्रायव्हर वेगळे, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी नवीन फुटतं. द लास्ट ऑफ अस पार्ट वन मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा लोक शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार व्हायची वाट बघत बसले होते, कितीतरी जणांचा गेम मधेच बंद पडायचा, मग दुरुस्तीचे पॅचवर पॅच. रात्री जागून ते निस्तरणारी माणसंच असतात हो. त्यामुळे सगळं सगळीकडे एकाच दिवशी या मागणीला माझा विरोध आहे. उशिरा या, पण नीट या.

मुळशीचा_मारिओ
आपल्याकडचंच उदाहरण देतो. राजी हा गेम पुण्याच्या नोडिंग हेड्सने बनवला, आपल्या पुराणकथांवरचा, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमले नाहीत तरी पोरांनी नेटाने पूर्ण केला. ऑगस्ट २०२० ला आला तो आधी फक्त निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर! तेव्हा निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे स्विच विकतच नव्हतं, लोक ग्रे मार्केटमधून किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून आणायचे. म्हणजे पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्याच बहुतेकांना पहिल्या दिवशी खेळता आला नाही, मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं होतं.

कोपऱ्यातला_बॉस
पण मारिओभाऊ ऑक्टोबरमध्ये तो पीसी, पीएस४, एक्सबॉक्सवर आला की. दोन महिने! नवख्या छोट्या स्टुडिओला स्विचवर जगभर दिसायला मिळालं, ते महत्त्वाचं नाही का? त्याच्या बदल्यात दोन महिने थांबायला माझी काही हरकत नाही.

मुळशीचा_मारिओ
दोन महिन्यांना माझीही नाही. कायमच्या कुलपाला आहे. जपान स्टुडिओ २०२१ मध्ये गुंडाळला गेला, म्हणजे ब्लडबोर्नवर काम केलेला एक अख्खा स्टुडिओ आज नाही. कन्सोल म्हातारे होतात, ड्राइव्ह मरतात. गेम एकाच मशीनवर ठेवला तर त्या मशीनबरोबर तोही जायचा. एम्युलेटर (पीसीला कन्सोलसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम) लिहिणारे हौशी लोक फुकटात राबून ब्लडबोर्न पीसीवर चालवायच्या मागे लागलेत, ते काम खरं तर मालकाचं आहे.

कोपऱ्यातला_बॉस
जपून ठेवायला पाहिजे हे एकदम मान्य. पण दोन वर्षांत सगळं पीसीवर येणारच असं एकदा ठरलं की कन्सोल घेणार कोण? आणि कन्सोल विकला गेला नाही तर पुढच्या ब्लडबोर्नला पैसे कुठून येतील? याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

रात्रीचा_गेमर
बिल्ड_तुटला ताई, तुमचं पटलं, पहिल्या दिवशीचा हट्ट सोडला. बॉस, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोनीनेच देऊन ठेवलंय. गॉड ऑफ वॉर २०१८ ला कन्सोलवर आणि २०२२ ला पीसीवर आला, म्हणून मधल्या काळात पीएस५ विकला गेला नाही असं झालं का? ज्यांना पहिल्या दिवशी पाहिजे ते कन्सोल घेतातच. मला चार वर्षं थांब म्हणा, थांबतो. इथे दहा वर्षं उलटून गेली.