धनराज पिल्ले यांचे गोल नेमके कसे मोजावेत?

प्रश्न – औंधचा मामा

माझी भाची नेहरूनगरच्या मैदानावर हॉकी शिकते. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने वहीत दोन खेळाडूंचा तक्ता आखला आहे. भारताचे धनराज पिल्ले यांच्या नावापुढे ३३९ आंतरराष्ट्रीय सामने आणि सुमारे १७० गोल, तर पाकिस्तानच्या सोहेल अब्बास यांच्यापुढे ३४८ गोल. तक्ता पुरा झाल्यावर तिने मला विचारले, "मामा, मग अब्बास दुपटीने मोठे का?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – खडकी बाजार

पहिली गोष्ट म्हणजे १७० हा आकडा अंदाजाचा आहे, कारण आपल्या हॉकी महासंघाने त्या काळात गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नव्हती. १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षे खेळलेल्या माणसाच्या बाबतीत ही अनास्था व्हावी, याचे वैषम्य वाटते. दुसरे म्हणजे, अब्बास हे बचावपटू आणि त्यांचे बहुतेक गोल पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी) मारलेल्या ड्रॅग फ्लिकचे, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन भिरकावण्याच्या फटक्याचे. धनराज हे आघाडीपटू, त्यांचे गोल खेळ चालू असतानाचे. तक्त्यात दोघांना एकाच रकान्यात बसवले, म्हणजे सलामीच्या फलंदाजाची आणि फिरकी गोलंदाजाची तुलना विकेटींवर केल्यासारखे झाले.

उत्तर – जुना राइट-इन

वरील उत्तरात एक भर घालतो. हॉकीत गोल ग्राह्य धरला जाण्यासाठी चेंडूला आक्रमकाची स्टिक 'डी'च्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, आत लागावी लागते, त्यामुळे 'डी'त शिरणे हेच आघाडीपटूचे निम्मे काम असते. धनराज उजवीकडून वेगाने मुसंडी मारत, चेंडू आत ओढत आणि बचावपटूचा तोल एका पायावर गेला की नेमका त्याच पायावर चेंडू आपटवत. 'डी'च्या आत पाय लागला की पेनल्टी कॉर्नर! तो मारणारा वेगळा आणि गोलही त्याच्याच नावावर जाणार. भाचीने 'मिळवून दिलेले कॉर्नर' असा रकाना आखला, तर तो भरायला कोणाकडेच कागद नाही, पण धनराज यांची खरी कमाई त्यातच आहे.

हे मनगट खडकीत घडले. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्लबात मैदानाची देखभाल करत. भावंडे मोडक्या, दोरीने बांधलेल्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळत. मऊ, खडबडीत जमिनीवर चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा तो स्टिकला चिकटवूनच न्यावा लागतो, असा माझा आपला तर्क.

उत्तर – पेठेतला शंकेखोर

कौशल्य मान्य, परंतु चार ऑलिम्पिक खेळूनही पदक नाही, ही बाजू झाकू नये. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरीचा गोल बसला आणि उपांत्य फेरी हातची गेली.

उत्तर – खडकी बाजार

झाकत नाही. पण तो गोल बचावात बसला, त्याचा हिशेब आघाडीपटूच्या माथी कसा मारणार? त्याआधी १९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्याच नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आले, आणि २००३ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषकही. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळणे ही काही सोपी गोष्ट नव्हे.

प्रश्नकर्ता – औंधचा मामा

सर्वांचे आभार. भाचीने अब्बास यांचे नाव दुसऱ्या पानावर, पेनल्टी कॉर्नरच्या तक्त्यात हलवले आहे. 'मिळवून दिलेले कॉर्नर' हा रकानाही आखला, आणि तो भरण्यासाठी जुने सामने स्वतः पाहून मोजायचे तिच्या मनात आहे. बँकॉकचा अंतिम सामना कोणी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवला असल्यास कृपया कळवावे.